हायब्रिड गाडीचा पिवळा दिवा आणि न मोजलेला धूर

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या श्रावणात त्र्यंबकेश्वरहून परत येताना, अंजनेरी मागे टाकल्यावर थोड्याच वेळात, पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरील विद्युत मोटर अशा दोन्हींवर चालणाऱ्या माझ्या हायब्रिड गाडीच्या फलकावर इंजिनाचे चित्र असलेला पिवळा दिवा लागला. गाडी नेहमीसारखीच चालत होती, ओढ कमी झालेली नव्हती, सरासरीतही फरक नव्हता. दुसऱ्या दिवशी शहरातील एका अधिकृत सेवा केंद्रात गाडी नेली. तेथे स्कॅनर लावण्यात आला, पी ०४२० असा कोड मिळाला आणि साधारण वीस मिनिटांत माझ्या हातात अंदाजपत्रक पडले: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील विषारी वायू कमी करणारा डबा) नवीन, मजुरी आणि करासह एक लाख अठरा हजार रुपये. गाडी साडेतीन वर्षांची, बहात्तर हजार किलोमीटर चाललेली, आणि मूळ हमी संपून चार महिने झालेले. प्रत्यक्षात बिघाड निघाला तो दोन हजार तीनशे पन्नास रुपयांचा. हा फरक कसा पडला, आणि तो पकडण्याचे जे सरकारी साधन आपल्याकडे आहे ते हायब्रिड गाड्यांच्या बाबतीत आंधळे कसे आहे, हे आपल्या वाचकांपुढे यावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी स्वतः मोटार दुरुस्त करणारा नाही. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पस्तीस वर्षे गुणवत्ता तपासणी विभागात काढली, त्यामुळे मोजमापाशिवाय माल नाकारला किंवा स्वीकारला की मला अस्वस्थ वाटते, एवढीच माझी पात्रता. सेवा केंद्रातील तरुण सल्लागाराला मी विचारले की कन्व्हर्टर निकामी झाला हे कशावरून ठरवले. तो अतिशय नम्रपणे म्हणाला, “सर, कोडच तसा आला आहे.” कोडचा अर्थ मी नंतर शोधून वाचला. त्यात कन्व्हर्टर बदला असे कोठेही म्हटलेले नाही. उत्प्रेरक यंत्रणेची कार्यक्षमता ठरावीक मर्यादेखाली दिसत आहे, एवढेच म्हटले आहे. दिसत आहे आणि आहे यांतील अंतर आमच्या विभागात माणसाला पहिल्या आठवड्यातच शिकवले जात असे.

ज्यांना हा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. इंजिनातून निघालेला धूर सायलेन्सरकडे जाण्याआधी एका पोलादी डब्यातून जातो. त्या डब्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रे असलेली चिनीमातीच्या जातीची वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व रोडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ थर असतो. या थराच्या सान्निध्यात कार्बन मोनॉक्साईड व न जळालेले इंधन यांचे कार्बन डायऑक्साईड आणि पाण्यात, तर नायट्रोजनच्या ऑक्साईडांचे साध्या नायट्रोजनमध्ये रूपांतर होते. आपल्या देशात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना हा भाग सक्तीचा झाला आणि त्याच्याबरोबरच शिसेविरहित पेट्रोल आले, कारण शिसे हे या थराचे विष आहे. त्या काळात पंपावर अनलेडेडचा वेगळा पंप असे, हे पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल.

हा डबा थंड असताना जवळजवळ काहीच काम करीत नाही. साधारण अडीचशे ते तीनशे अंश सेल्सिअस तापमान झाल्यावर तो जागा होतो. साध्या पेट्रोल गाडीत इंजिन एकदा सुरू झाले की प्रवास संपेपर्यंत चालू राहते आणि डबा तापलेला राहतो. हायब्रिड गाडीत मात्र सिग्नलला इंजिन बंद, गर्दीत हळू जाताना बंद, उतारावर बंद, आणि तेवढ्या वेळात डबा निवत जातो. म्हणून गाडीचा संगणक मधूनच, बॅटरी पुरेशी भरलेली असतानाही, इंजिन सुरू करतो. निफाडकडे पारा उतरतो त्या दिवसांत सकाळी गाडी चालू केली आणि ती जागेवरच मिनिटभर घरघरत राहिली तर तो बिघाड नव्हे. ती कन्व्हर्टर तापवीत असते. माझ्या एका शेजाऱ्यांनी याच घरघरीसाठी दोनदा गाडी सेवा केंद्रात नेली होती.

आता कोड कसा पडतो ते पाहू. डब्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे धुरातील ऑक्सिजन ओळखणारे दोन सेन्सर असतात. इंजिन हवा आणि इंधन यांचे प्रमाण सतत किंचित कमी-जास्त करीत असते, म्हणून पुढचा, म्हणजे इंजिनाकडचा, सेन्सर सतत खालीवर होतो. डबा निरोगी असेल तर तो ऑक्सिजन साठवतो आणि गरजेनुसार सोडतो, त्यामुळे मागच्या सेन्सरला ही खळबळ जाणवत नाही आणि त्याची रेषा जवळजवळ सपाट राहते. डब्याची साठवणक्षमता घटली की मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करू लागतो आणि संगणक दिवा लावतो. म्हणजे संगणकाने डबा पाहिलेला नसतो. त्याने फक्त मागच्या सेन्सरचे म्हणणे ऐकलेले असते.

आपण नाशिककर गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीवरून ओळखतो. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, यावरून गंगापूर धरणातून किती सोडले असेल याचा अंदाज बांधतो. पण समजा, शेजारच्या एखाद्या नाल्याचेच पाणी फुटून नेमके मारुतीच्या पायाशी येऊ लागले, तर त्या खुणेवरून धरणाचा हिशेब मांडणारा फसेल. माझ्या गाडीत अगदी असेच झाले होते. कन्व्हर्टर आणि त्याच्या मागचा, सायलेन्सरकडे जाणारा पाईप जोडणाऱ्या फ्लँजचे (सांध्याच्या कड्याचे) गॅस्केट, म्हणजे सांधा घट्ट बंद ठेवणारी चकती, एका बाजूने फुटले होते आणि मागचा सेन्सर त्या सांध्याला लागूनच होता. धूर पाईपमधून झटक्याझटक्याने जातो. दोन झटक्यांच्या मध्ये क्षणभर ओढ निर्माण होते आणि फटीतून बाहेरची हवा आत येते. ती हवा सेन्सरला लागली की त्याची रेषा हलते, आणि संगणकाला वाटते की डबा संपला.

हे शोधले ते द्वारका परिसरातील एका जुन्या मिस्त्रींनी. त्यांनी आधी स्कॅनरमध्ये कोड ज्या क्षणी पडला त्या क्षणाची नोंद उघडली. गाडीचा वेग, इंजिनाचे तापमान, इंजिनावरील भार हे सगळे संगणकाने साठवून ठेवलेले असते, पण सेवा केंद्रात ते पान उघडलेच गेले नव्हते. मग त्यांनी गाडी देखभालीच्या स्थितीत घातली. हायब्रिड गाडी उभी असताना इंजिन आपणहून बंद होते, म्हणून ते सलग चालू ठेवण्यासाठी उत्पादकांनी ठरावीक क्रमाने पेडल आणि बटण दाबण्याची एक पद्धत ठेवलेली असते व ती दुरुस्तीच्या पुस्तिकेत दिलेली असते. इंजिन थंड असताना ते सलग चालू राहिले तेव्हा गाडीखालून बारीक टिकटिक ऐकू आली आणि लोखंड तापून फुगल्यावर ती थांबली. “साहेब, साधी गाडी असती तर हा आवाज तुम्हाला रोज सकाळी ऐकू आला असता,” ते म्हणाले, “पण तुमचं इंजिन थंडपणी चालतं किती आणि तुम्ही ऐकता कधी?” सांध्यावर साबणाचा फेस लावल्यावर बुडबुडे दिसले. फ्लँजच्या कडेवर घासल्याची खूण होती, बहुधा एखाद्या उंच गतिरोधकाची. आपल्या शहरात असे गतिरोधक कोणाच्या मोजमापाने बांधले जातात हा वेगळ्या पत्राचा विषय आहे. नवे गॅस्केट आणि दोन बोल्ट टाकल्यावर मागच्या सेन्सरची रेषा पडद्यावर माझ्यासमोर सपाट झाली. त्यानंतर गाडी एकोणीसशे किलोमीटर चालली आहे आणि दिवा पुन्हा लागलेला नाही.

यावरून कन्व्हर्टर कधी खराब होतच नाही, असा समज कोणी करून घेऊ नये. पाण्याने भरलेल्या रस्त्यातून तापलेला डबा नेला तर आतील विटेला तडा जाऊ शकतो, दगड लागून ती फुटू शकते आणि मग गाडीखाली खडखड ऐकू येते. इंजिनाचा एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल तर कच्चे पेट्रोल डब्यात जाऊन तेथेच जळते व वीट अक्षरशः वितळते. इंजिन ऑइल जळत असेल तर त्यातील फॉस्फरस, आणि हेड गॅस्केटमधून कूलंट गळत असेल तर त्यातील द्रव्ये थरावर बसून तो निकामी करतात. माझ्या एका परिचितांच्या जुन्या हायब्रिड गाडीत असेच झाले. कूलंट दर महिन्याला थोडे कमी होत होते, ते वरून भरीत राहिले, आणि कोड आल्यावर त्यांनी लाखभर रुपये खर्चून कन्व्हर्टर बदलला. गळती तशीच राहिल्याने नवा डबाही वर्षभरात गेला. तेव्हा डबा खरोखर गेला असेल तरी तो कशाने गेला हे शोधल्यावाचून नवा बसवणे म्हणजे गळक्या छपराखाली नवी गादी घालणे आहे.

माझ्या बाबतीत सल्लागाराने कारणही सांगितले होते: “ई-ट्वेंटी पेट्रोलमुळे होतं सर, आजकाल सगळ्यांचंच.” वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलबद्दल लोकांच्या तक्रारी आहेत आणि त्यांची छाननी व्हायला हवी, हे मान्य. पण पूर्वी ज्या आजाराचे निदान होत नसे त्याला बाहेरची बाधा म्हणत, तसे हल्ली गॅरेजमध्ये इथेनॉलचे झाले आहे. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने हवा-इंधनाचे प्रमाण बदलते आणि संगणक पुढच्या सेन्सरच्या आधारे ते जुळवून घेतो. ते किती जुळवावे लागत आहे याचा आकडा स्कॅनरवर स्पष्ट दिसतो. तो आकडा न पाहता इंधनाला दोष देणे हे निदान नव्हे.

अंदाजपत्रकाबाबत आणखी एक प्रश्न मी विचारला आणि त्याचे उत्तर मला अद्याप पटलेले नाही. जुना कन्व्हर्टर मला परत मिळेल का, असे विचारल्यावर “तो आमच्याकडे जमा होतो” असे सांगण्यात आले. अंदाजपत्रकात त्याच्या भंगार किमतीची वजावट नव्हती. ज्या डब्यात प्लॅटिनम आणि रोडियम आहे तो काही जुना वायपर नव्हे. रोडियमचे भाव २०२१ मध्ये सोन्याच्या कितीतरी पट चढले होते, आणि त्याच सुमारास ब्रिटन व अमेरिकेत उभ्या गाड्यांखाली शिरून कन्व्हर्टर कापून नेण्याच्या चोऱ्यांना ऊत आला होता. त्यात टोयोटा प्रियससारख्या हायब्रिड गाड्यांवर चोरांचा विशेष डोळा होता, कारण इंजिन कमी वेळ चालत असल्याने त्यांच्या डब्यातील धातूंचा थर कमी झिजलेला असतो. चोरांना जे कळते ते मालकाला सांगितले जात नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये संबंधित माहिती ग्राहकापासून हेतुपुरस्सर दडवून ठेवणे ही सेवेतील त्रुटी मानलेली आहे. काढलेल्या भागाचे मोल न सांगणे त्यात बसते की नाही हे कायदेतज्ज्ञांनी ठरवावे. मला स्वतःला ते बसते असे वाटते.

दुसऱ्या टोकाचा अनुभवही सांगितला पाहिजे, नाहीतर हे पत्र एकाच बाजूचे होईल. द्वारकेला जाण्याआधी मी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये चौकशी केली होती. तेथे मला सुचवण्यात आले की कन्व्हर्टर काढून सरळ पाईप टाकू, मागच्या सेन्सरला स्पेसर लावून तो धुरापासून थोडा दूर नेऊ, दिवा विझेल, शिवाय जुन्या डब्याचे पैसे तुम्हाला रोख मिळतील. सगळा खर्च सहा हजार. मी म्हटले, पीयूसीचे काय? त्यावर तेथील मंडळी हसली. ते का हसले, हे मला पुढच्या आठवड्यात पीयूसी केंद्रावर कळले.

प्रमाणपत्राची मुदत संपत आली होती म्हणून मी एका केंद्रावर गाडी उभी केली. उभी करताच इंजिन, हायब्रिडच्या स्वभावाप्रमाणे, बंद झाले. तेथील मुलाने बंद इंजिनाच्या सायलेन्सरमध्ये नळी घातली, क्रमांकपट्टीचा फोटो काढला आणि प्रमाणपत्र छापले. कार्बन मोनॉक्साईड शून्य, हायड्रोकार्बन शून्य. मी म्हटले, इंजिन तर चालूच नाही. तो म्हणाला, “काका, हायब्रिड आहे ना, धूर येतच नाही.” मी यंत्राचा पडदा पाहू दे म्हटले. त्यावर कार्बन डायऑक्साईडही जवळजवळ शून्य होता आणि ऑक्सिजन एकवीस टक्क्यांच्या आसपास. चालत्या पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन डायऑक्साईड साधारण चौदा-पंधरा टक्के असतो आणि ऑक्सिजन नाममात्र. म्हणजे यंत्र बिघडलेले नव्हते. त्याने प्रामाणिकपणे नाशिकची हवा मोजली होती आणि ती माझ्या गाडीच्या नावावर प्रमाणित केली होती. दुसऱ्या केंद्रावर गेलो तर तेथेही हेच घडले, फक्त तेथील माणूस अधिक घाईत होता.

हे गांभीर्याने घेण्याचे कारण आहे. वैध पीयूसी नसेल तर मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि भारत स्टेज-६ च्या गाडीचे प्रमाणपत्र एक वर्ष चालते. एवढ्या मोठ्या दंडाच्या धाकाने जी तपासणी आपण करून घेतो ती हायब्रिडच्या बाबतीत तपासणीच नाही. ज्या गाडीचा कन्व्हर्टर कापून विकला आहे ती, आणि जिचा कन्व्हर्टर उत्तम आहे ती, दोन्ही बंद इंजिनावर सारख्याच स्वच्छ ठरतात. सेवा केंद्राने डबा गेला म्हटले तर त्याची शहानिशा करायला सामान्य मालकाजवळ पीयूसीचा कागद हा एकमेव त्रयस्थ पुरावा असायला हवा होता; इंजिन तापवून, चालू ठेवून, आधी संथ गतीवर आणि मग मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास मोजलेला धूर पाहून मला पहिल्याच दिवशी कळले असते की माझा डबा काम करीत आहे. भारत स्टेज-४ आणि ६ च्या पेट्रोल गाड्यांसाठी वाढीव फेऱ्यांवरील मोजणीचे रकाने प्रमाणपत्रावर आहेतच. ते भरण्यासाठी इंजिन चालू लागते, एवढीच अडचण आहे.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांच्या यादीत नाशिकचे नाव आहे, २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे आणि रस्त्यावर हायब्रिड गाड्या दरवर्षी वाढत आहेत. पेठ रोडवरील प्रादेशिक परिवहन कार्यालयाने शहरातील पीयूसी केंद्रांना लेखी सूचना द्यावी की हायब्रिड गाडीची मोजणी देखभालीच्या स्थितीत इंजिन चालू ठेवूनच घ्यावी आणि कार्बन डायऑक्साईडचा आकडा शून्याजवळ असेल तर प्रमाणपत्र छापू नये. यासाठी नवे यंत्र लागत नाही. प्रत्येक गाडीची पद्धत लिहिलेला एक कागद भिंतीवर लावला की पुरे. सेवा केंद्रांकडून माझी अपेक्षा याहून साधी आहे. कन्व्हर्टर बदलण्याचे अंदाजपत्रक देताना पुढच्या-मागच्या सेन्सरचे आलेख, सांध्यांची गळती तपासल्याची नोंद आणि काढलेल्या डब्याची वजावट त्याच कागदावर लिहावी. ज्या मालकाला असा कागद मिळणार नाही त्याने सही करण्यापूर्वी गाडी तापलेली असताना दुसरीकडे दाखवून घ्यावी. पाथर्डी फाट्यावरून विल्होळीपर्यंत महामार्गाने जाऊन आले तरी डबा तपासण्याइतका तापतो.

दोन्ही केंद्रांची शून्य आकड्यांची प्रमाणपत्रे मी जपून ठेवली आहेत. कायद्याच्या दृष्टीने ती वैध असल्याने मला वर्षभर कोणी अडवणार नाही, पण पुढच्या महिन्यात मी स्वखर्चाने पुन्हा एका केंद्रावर जाणार आहे. देखभालीच्या स्थितीत गाडी कशी घालायची हे मिस्त्रींनी मला शिकवले आहे आणि ते मी तेथील मुलालाही दाखवीन. जे आकडे येतील ते, चांगले असोत की वाईट, आपल्याकडे पाठवून देईन.

आपला नम्र,
एक वाचक
इंदिरानगर, नाशिक